सिंकमधला निळा डाग

मिस्त्रींनी उभी हयात लोकांच्या घरात नळ जोडण्यात घालवली होती, तेव्हा मुलाच्या नव्या घरात पाईप कुणी घालायचे हा प्रश्नच नव्हता. मुलगा भीतभीत म्हणाला, "बाबा, हल्ली सगळे प्लास्टिकचे घालतात." मिस्त्री म्हणाले, "प्लास्टिक बादलीला ठीक. माझ्या नातवाच्या घरात तांबंच!" तांब्याचे पाईप घालण्याआधी बोअरचं पाणी तपासून घ्यावं, पाणी आंबट असलं की ते तांबं खातं, हे त्यांनीच शंभर जणांना बजावलं होतं. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. स्वतःच्या घरी कसली आलीय तपासणी!

राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत, सकाळी चहाचं आधण ठेवताना त्यांना सिंकमध्ये निळसर हिरवा डाग दिसला. बरोबर गळत्या नळाखाली. मिस्त्रींच्या घरचा नळ गळायचाच, त्यात नवल नाही. पण डागाचा रंग त्यांनी लगेच ओळखला. रात्रभर पाईपात थांबलेलं पाणी तांबं घेऊन उतरत होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, घासणी उचलली आणि डाग घासून काढला.

मग तो नेमच झाला. सगळ्यांच्या आधी उठायचं आणि डाग काढायचा. आपण सगळे हेच पाणी पितोय, कुणाला काय झालंय, अशी मनाची समजूत घालायची. सून फोनवर आईला सांगायची, "बाबा रोज सकाळी सिंक लखलखीत करून ठेवतात गं. असे सासरे मिळायला भाग्य लागतं." ते कानावर पडलं की मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी दुसऱ्या सकाळी घासणी पुन्हा हातात असायची.

पुढे सून परत कामावर जाऊ लागली आणि बाळाला पावडरचं वरचं दूध सुरू झालं. सकाळची पहिली बाटली नळाच्या पहिल्या पाण्यात कालवलेली. बाळ ती प्यायचं आणि भडाभडा ओकायचं. डॉक्टरांनी विचारलं, बाटल्या स्वच्छ असतात ना, पाणी उकळता ना? झालं, सून पाणी जास्तच उकळू लागली. उकळून जंतू मरतात, तांबं कुठे जातं? पाणी आटेल तसं उलट ते वाढतच जातं. मिस्त्री हे सगळं जाणून होते आणि दारात उभे राहून बघत होते.

"आणखी थोडं उकळू का हो बाबा?" तिने एकदा विचारलं.

"बघ बाई, तुला योग्य वाटेल तसं," ते म्हणाले. आपल्या तोंडून हे निघालं कसं, याची त्यांना त्याच क्षणी लाज वाटली.

तरी खरं सांगण्याऐवजी त्यांनी चोरवाटच शोधली. पहाटे डाग काढला की नळ मोकळा सोडायचा, रात्रीचं पाणी वाहून जाऊ द्यायचं आणि मग ताज्या पाण्याचं पातेलं भरून सुनेसाठी झाकून ठेवायचं. बाळाची ओकारी थांबली. गालांवर बाळसं दिसू लागलं. चला, झाकली मूठ झाकलीच राहिली, असं मिस्त्रींना वाटलं.

आणि मग एका रात्री ते तापाने फणफणले. सकाळी जाग आली ती मुलाच्या ओरडण्याने.

"साधी बाटली धड धुता येत नाही तुला? पोराचा जीव घ्यायचाय का?"

बाळ ओकून ओकून मान टाकून पडलं होतं. सून रडत रडत स्वतःलाच बोल लावत होती. मुलगा गाडी काढायला धावला, तसे मिस्त्री भिंतीला धरत स्वयंपाकघरात आले.

"पोरी, बाटलीत काही दोष नाही. पाण्यात आहे. माझ्या पाईपांचं तांबं उतरतंय त्यात."

बाळाचं तोंड पुसणारा तिचा हात थांबला. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्यापासून."

"मी पाणी उकळत होते तेव्हा?"

"तेव्हाही." मग, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत असतानाही, ते पुढे म्हणाले, "त्याला एवढ्यात सांगू नकोस. मी गुपचूप सगळे पाईप बदलतो. लोकांत माझं नाव..." त्यांना स्वतःची किळस आली.

"पाईप बदलायला दुसरं कुणीतरी येईल," ती बाळाला उचलत म्हणाली. "डॉक्टरांना मी सांगते. ह्यांना मात्र तुम्ही सांगायचं. आत्ता, गाडीत."

मुलगा गाडी हाणत होता. मिस्त्री त्याच्या शेजारी बसले होते, सून बाळाला घेऊन मागे.

"तिच्या बाटल्या स्वच्छ होत्या रे," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, तुम्ही कायम तिची बाजू घेता."

तेव्हा मिस्त्रींना सगळंच सांगावं लागलं. न तपासलेलं पाणी, डाग, घासणी, पहाटे सोडून दिलेला नळ. मुलगा रस्त्यावरची नजर न काढता ऐकत होता. एवढं बोलून मिस्त्री थांबले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

"उकळण्याचं सांगायचं राहिलं, बाबा," सून मागून म्हणाली.