दट्ट्याची पिन

बाबांच्या दुकानातलं कॉफीचं मशीन माळ्यावरून खाली यायला बाळ्याला निवृत्त व्हावं लागलं. लोक निवृत्तीनंतर गुडघे सांभाळतात. यानं चौघांनी उचलावं असं ते पितळी धूड स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून बसवलं. साठी उलटली तरी घरात तो बाळ्याच होता, त्यामुळे बायकोनं फारसं मनावर घेतलं नाही. तिनं फक्त भाजी चिरायची जागा बदलली.

बॉयलरमध्ये क्षाराचा जाड थर होता, तो लिंबूसत्वाच्या पाण्यानं सुटला. रबरी वायसर हात लावताच तुटले, ते नवे आणले. घासता घासता मशीनच्या दांड्याची मूठ हाताशी आली, बाबांच्या अंगठ्यानं झिजलेली, आणि बाळ्याचा हात थांबला. कॉफी काढताना दांडा खाली ओढला की तो सावकाश वर जाईपर्यंत बाबा गप्प राहायचे. एरवी त्यांची टकळी गिऱ्हाइकालासुद्धा आवरायची नाही.

घोडं अडलं ते दट्ट्यापाशी. दट्ट्यावर जाडजूड स्प्रिंग असते, ती दाबून धरली तरच दांड्याची पिन आरपार जाते. सुट्या भागांच्या डब्यात स्प्रिंग होती, दट्ट्या होता, पिन मात्र नव्हती. सामान हलवताना हरवली असेल म्हणत त्यानं लेथवाल्याकडून नवी करून आणली आणि एकट्यानंच स्प्रिंग दाबली. ती निसटली आणि कपाटाची काच फोडून गेली.

"हे दोन माणसांचं काम आहे," बायको काचा गोळा करत म्हणाली. "आणि दुसरं माणूस मी नाही. ताईंना बोलवा."

अवघड होतं ते हेच. पूर्वी दुकानात मशीन उघडलं की स्प्रिंग दाबायची ताई, पिन घालायचे बाबा, आणि ती मुठीत धरून उभं राहायचं एवढंच काम धाकट्या बाळ्याचं. बाबा गेल्यावर ताईला दुकान चालवायचं होतं. बाळ्यानं नोकरीच्या तोऱ्यात ते बंद करून टाकलं. ताई भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गप्प झाली, आणि तेव्हापासून दोघं लग्नकार्यात भेटून "बरा आहेस?", "बरी आहेस?" एवढ्यावर भागवत आले. खरं तर बाळ्याला मशीनपेक्षा ताईच हवी होती. शेवटी त्यानं फोन लावला.

"ताई, स्प्रिंग बसत नाहीये."

"एकटा बसवत होतास?"

"हो."

"शहाणाच आहेस. येते उद्या."

आली. चष्मा चढवून तिनं बॉयलर पाहिला, वायसर चाचपले, खोट काढायला काहीच मिळेना म्हणून जराशी हिरमुसली. लेथवाल्याची पिन तिनं बाजूला सारली आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेली जुनी पिन काढली.

बाळ्या बघतच राहिला. "तुझ्याकडे होती?"

"दुकान बंद केलंस त्या दिवशी काढून नेली. म्हटलं, चालत नसलं तर कुणी विकत घेणार नाही."

"मी काढलं होतं विकायला," तो खाली बघत म्हणाला. "दोघं बघून गेले. चालेना म्हणून नको म्हणाले."

"मग काम झालं म्हणायचं. हात पुढे कर."

त्यानं हात पुढे केला, पिन घेतली आणि सवयीनं मूठ मिटून उभा राहिला. ताईनं स्प्रिंगवर लाकडी ठोकळा ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला.

"अरे, उभा काय राहिलास? घाल ना."

"ते बाबा घालायचे."

"बाळ्या, माझे हात भरून आलेत."

त्यानं मूठ उघडली. पिन कोमट झाली होती. एका झटक्यात ती आरपार गेली. दांडा बसवला, पाणी तापवून कॉफी भरली, मग ताईनं दांडा खाली ओढला, आणि तो सावकाश वर जाईपर्यंत स्वयंपाकघरात कुणीच बोललं नाही.

पहिल्या कपाला लिंबाची चव होती. बहीणभावांनी तो वाटून, तोंड वाकडं करत, पार तळापर्यंत संपवला.

निघताना ताई चपला घालत म्हणाली, "रविवारी येते परत. वायसर बघायला हवेत."

वायसर नवेकोरे होते, आणि ते तिनंच मघाशी चाचपले होते.

"हो," बाळ्या म्हणाला, "बघायलाच हवेत."