गाण्यात नसलेलं दुकान

लिंगफेनने शिडीवर चढून वरच्या फळीवरचे पिवळे रबरी हातमोजे काढले आणि एकेक जोडी खाली उभ्या असलेल्या फर्मिनच्या हातात दिली. फर्मिन मासे विकायचा. पण कार्निव्हल आला की गल्लीतल्या गाणाऱ्या टोळीचा म्होरक्या व्हायचा. यंदा टोळी कोंबड्यांचं सोंग काढणार होती. भांडी घासायचे ते मोजे बुटांवर चढवले की पंजे तयार.

“आणि तुरे गं, लीना?” गल्ली तिला लीनाच म्हणायची.

“लाल स्पंजाचे कापून ठेवलेत.”

स्पेनमधल्या कादिझ शहरातल्या त्या गल्लीतली निम्मी सोंगं दर वर्षी तिच्याच दुकानातून बाहेर पडायची. तरी टोळीच्या गाण्यात ते दुकान कधी आलं नव्हतं. गाणं घरोघर फिरायचं. पाद्र्याचं घोरणं, रेमेदिओसबाईंची कवळी, पाववाल्याचा करपलेला पाव. आणि पाववाल्यावरून ते थेट न्हाव्यावर उडी मारायचं. मधलं दुकान जणू नव्हतंच. ज्याचं नाव यायचं तो भर गल्लीत शिव्या घालायचा आणि दुसऱ्या दिवशी भेटेल त्याला विचारायचा, “माझं कडवं ऐकलंस ना?”

सुरुवातीला लिंगफेनला हायसं वाटायचं. तिच्या नवऱ्याला, ग्वोदोंगला, अजूनही वाटायचं. “आपण बरं, आपलं काम बरं,” तो म्हणायचा. चीनमधलं गाव सोडून इथे आल्यापासून वस्तूच्या किमतीपलीकडे तो गल्लीत कुणाशी बोलला नव्हता. पण मुलगी याच दुकानात रांगली होती, आता न्हाव्याच्या मुलीशी इथल्यासारखेच हातवारे करून भांडत होती. आणि गाण्यातली ती उडी लिंगफेनला खुपायला लागली होती.

“फर्मिन,” ती शिडीवरूनच म्हणाली, “माझ्यावर काही नाही?”

“तुझ्यावर?” फर्मिन गोरामोरा झाला. “छे गं! पाहुण्यांची कुणी टर उडवतं का? एवढी रीत कळते आम्हाला.”

शेवटची जोडी तिने त्याच्या हातावर जरा जोरातच ठेवली.

“पाहुणी एवढी वर्षं राहिली असती, तर रेमेदिओसबाईंनी तिला केव्हाच हाकलून दिलं असतं.”

फर्मिन हसला नाही. मोजे छातीशी धरून तो बाहेर पडला.

रविवारी दुपारी गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. तळलेल्या माशांचे पुडे हातोहात फिरत होते. कोंबड्या बेकरीच्या पायरीवर चढल्या, ढोल वाजला. पाद्री झाला, कवळी झाली, पाववाला झाला. मग फर्मिनने लिंगफेनच्या दुकानाकडे मान वाकडी केली.

“लीनाकडची छत्री घेतली, पहिल्या वाऱ्यात उलटी झाली;
बदलून द्या गं म्हटलं तेव्हा लीना भाषा विसरून गेली!”

“नाही समजत, नाही समजत!” बाकीच्या कोंबड्यांनी हुबेहूब तिचा तुटका, चिरका सूर काढला. “पैसे घेताना सगळं समजतं!”

गल्ली हशाने दणाणली. लिंगफेनही हसत होती, पण तिचे कान तापले होते. एवढी वर्षं आपण असं बोलतो? मागितलं होतं तिनेच. तरी लागायचं ते लागलंच. हसू हळूहळू ओसरलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले. पायरीवर फर्मिन एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभा होता.

रेमेदिओसबाईंनी तिला कोपराने ढोसलं.

“अगं, बघत काय बसलीस? शिव्या घाल मेल्यांना!”

तिने तोंड उघडलं. इथल्या भाषेतली एकही शिवी जिभेवर येईना. आली ती तिच्या गावची बोली. बदकांमागे काठी घेऊन धावताना आई जे जे म्हणायची ते सगळं, कमरेवर हात ठेवून, श्वास न घेता. कोंबड्यांचे बाप झाले, आजे झाले, न घातलेली अंडीसुद्धा सुटली नाहीत. आवाज मुळीच चिरका नव्हता. तो पार टोकाच्या गच्चीपर्यंत गेला.

ती थांबली. मग एकदम टाळ्या, शिट्ट्या.

“काय म्हणाली? काय म्हणाली?” फर्मिन ओरडला.

दुकानाच्या दारात ग्वोदोंग हातात फडकं घेऊन उभा होता. एवढ्या गर्दीत ते कळलेला तोच एक. सगळ्या माना तिकडे वळल्या. लिंगफेनला त्याच्याकडे बघायचा धीर होईना.

ग्वोदोंगने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. त्याचे खांदे हलत होते.

“म्हणाली,” तो कसाबसा त्यांच्या भाषेत बोलला, “आपली फार आभारी आहे.”