ऐंशी वारांचा डायनोसॉर

दादरची शिकलेली मुलगी म्हणून मला स्वतःच्या अकलेचा जरा जास्तच तोरा होता. १९५८ साली करी रोडजवळच्या एका शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवत होते. प्रदर्शनासाठी मी ठरवलं, पृथ्वीवर होऊन गेलेला सगळ्यात अवाढव्य डायनोसॉर पटांगणात खऱ्या मापाने काढायचा. पुस्तकात त्याची लांबी ऐंशी फूट दिली होती. वीतभर चित्र पाहून मुलांना त्याची काय कल्पना येणार?

काढणार कोण, तर कोंडीराम, माझ्या वर्गातल्या मालनचे वडील. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याआधी ते रस्त्यावर चुन्याने पुरुषभर उंचीची अक्षरं काढायचे आणि एक ओळ वाकडी जायची नाही. नोकरी गिरणीत, फोल्डिंग खात्यात. दिवसभर कापड वारावर मोजायचं आणि घड्या घालायच्या.

माप चिठ्ठीवर लिहून देताना मला वाटलं, गिरणीच्या माणसाला फूट कुठे जमणार, आपणच वारात लिहून देऊ. केवढं माझं औदार्य! तीन फुटांचा एक वार, पण तिनाने भागायचं मात्र विसरले. लिहिलं, ‘डोक्यापासून शेपटीपर्यंत ऐंशी वार.’

प्रदर्शनाच्या दिवशी, रविवारी, मी पोहोचले तेव्हा मान आणि पोट पटांगणात मावलं होतं, पण शेपूट फाटकातून बाहेर पडून गल्लीतल्या नळापर्यंत गेली होती. कोंडीराम उजाडल्यापासून राबत होते. कोपरापर्यंत हात चुन्याने पांढरे. मालन डोक्यापाशी उभी राहून येईल त्याला सांगत होती, “माझ्या बानं काढलाय!”

चूक मला तिथेच कळली. बोलायला वेळही होता, पण मी गप्प राहिले.

तेवढ्यात शाळा तपासणारे इन्स्पेक्टरसाहेब आले. त्यांनी शेपटीकडे पाहिलं आणि मिशीत हसले.

“बाई, पुस्तकात ऐंशी फूट आहे. ही शेपूट भायखळ्याला नेऊन सोडणार की काय? मोजलं कुणी?”

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, “काय करणार साहेब, गिरणीतली माणसं. फूट सांगितले तरी वारच मोजणार.”

सगळे हसले. हेडमास्तर तर डोळे पुसायला लागले.

कोंडीरामांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. चिठ्ठी तिथेच होती, तिचा कोपरा मला दिसत होता. मग तो हात तसाच खाली आला.

“चुकलं, साहेब,” ते म्हणाले, आणि बादली आणून गल्लीतली शेपूट धुवायला लागले. मालनकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी वर्गात नेमकं वारांचंच उदाहरण आलं. मनातली टोचणी कमी व्हावी म्हणून मी गोड आवाजात म्हटलं, “मालन, हे तर तुला बाबांनी घरी शिकवलं असेल.”

“बाला नाय येत, बाई,” ती मान खाली घालून म्हणाली. “तुमीच सांगा.”

फळ्यावर पुढचा आकडा मला लिहिता येईना. शाळा सुटल्यावर मी थेट त्यांच्या चाळीत गेले. कोंडीराम पहिल्या पाळीहून आलेले होते. त्यांनी खुर्ची पुसून पुढे केली. मला बसवेना.

“चिठ्ठी का नाही दाखवलीत?”

“दावून काय व्हनार, बाई?” ते शांतपणे म्हणाले. “बापावरचा इस्वास उडाला तर पोरगी घरातच ऱ्हाते. मास्तरणीवरचा उडाला तर शाळंत कशाला जाईल?”

मी इतकी वर्षं शिकले, दुसऱ्यांना शिकवलं. आणि हे गणित मला एकदाही सुचलं नव्हतं.

मालन नळावरून कळशी घेऊन आली आणि मला पाहून दारातच थबकली. कोंडीरामांनी मला मानेनेच ‘नको’ म्हणून खुणावलं. पण आता गप्प बसले असते तर जन्मभर मान वर करून वर्गात उभी राहू शकले नसते.

“मालन, ऐंशी वार मीच लिहिले होते,” मी म्हणाले. “तुझ्या बाबांनी बरोबर मोजलं. मी चुकले, आणि वर खोटंही बोलले.”

तिने कळशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

“मग काल मी तुझ्याशी बोलले नाय,” ती म्हणाली, “तवा तरी सांगायचं व्हतंस ना, बा.”