सासूची वेगळी चूल

टीव्हीवरच्या इन्स्पेक्टरनं शेवटी आपल्या हवालदाराच्या खांद्यावर हात ठेवला. सुरुवातीला दोघांचं अजिबात पटत नव्हतं. पाऊण तासात एक खुनी बाई पकडली आणि दोघं सख्खे भाऊ झाले! मग जाहिरात लागली, आणि फुलसावंगीत भगवानरावांच्या ओसरीवर रविवारची दुपार घालवायला जमलेल्या वीस-पंचवीस माणसांनी माना वळवून कोकिळाकडे पाहिलं.

कारण ती खुनी बाई म्हणजे कोकिळाच होती. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, पण नवरा तोच, कपाशीत फवारता फवारता कोसळलेला. बायकोही तीच, शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी. फक्त टीव्हीवरच्या बायकोनं नवऱ्याला चहातून विष पाजलं होतं. आणि कपाशी तरी कशी दाखवावी? भर पावसाळ्यात पांढरी फटक फुटलेली! जन्म कपाशीत गेलेली माणसं समोर बसली होती, पण एकालाही ते खटकलं नाही. खून मात्र सगळ्यांना पटला.

कोकिळाच्या अंगाची लाही लाही झाली. तिला ती सलोनी आठवली. नवरा, सदाशिव, गेल्यावर चार महिन्यांनी ही पोरगी मुंबईहून आली होती. "ताई, तुमच्यावरचा अन्याय सगळ्यांना दाखवू," म्हणाली. कोकिळानं काही हातचं राखलं नाही. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर कशी गेली होती, फवारा तोंडावर कसा येत होता, सदाशिव दवाखान्यात चार दिवस कसा तडफडला, सगळं सांगितलं. सलोनीनं डोळे पुसले, लिहून घेतलं. निघताना सासूची चूल पाहून एवढंच विचारलं, "घरात दोन चुली का?"

"आत्याबाई माह्या हातचं खात नाईत. हे गेल्यापासून."

"का?"

"काय मालूम."

बस्स. त्या 'काय मालूम'वर त्या लोकांनी अख्खा भाग रचला. त्यांच्या इन्स्पेक्टरला आणि हवालदाराला शहाणं करायचं होतं, तर कोणीतरी वाईट लागणारच होतं. मेल्यांना दुसरं कोणी सापडलं नाही?

"टीव्हीवाले काई उगाच दाखवत नाईत," भगवानराव म्हणाले. ओसरीलगतचं फवारणीच्या औषधांचं दुकान त्यांचं, आणि शाळा समितीचे अध्यक्षही तेच. "पोट्ट्यायच्या पोटाचा सवाल हाये, कोकिळा. उद्यापासून तू घरीच राहजो."

कोकिळा घरी राहिली नाही. सोमवारी पहाटेच पाणी भरून, वेळेवर शाळेत जाऊन तिनं नेहमीसारखी खिचडी शिजवली. पोरं रांगेनं बसली, पण थाळ्या समोर उपड्या. आयांनी बजावून पाठवलं होतं, आणि वर फाटकापाशी पहाराही द्यायला आल्या होत्या. भगवानराव कमरेवर हात ठेवून उभे होते. "सांगतलं होतं न तुले? आता फेकून दे ते खिचडीचं भगोनं. दुसरी बाई पाह्यली म्या."

तेवढ्यात फाटकातून रुक्माबाई आली, कोकिळाची सासू. काठी टेकत पोरांच्या रांगेत शिरली, पहिल्या थाळीपाशी खाली बसली आणि ती थाळी सुलटी केली.

"वाढ," म्हणाली.

कोकिळानं डाव खाली ठेवला. "आता वाढू? वर्षभर माह्या भाकरीकडं पाठ केली तुमी! तुमच्या त्या चुलीनं मले खुनी केलं, आत्याबाई. काहून नाई खाल्लं? सांगा न, या सगळ्यायसमोर सांगा!"

रुक्माबाईनं मान खाली घातली. "दुपट्टा म्या भिजवला होता."

"कोणता दुपट्टा?"

"त्या दिवशीचा. सद्या म्हणे, माय, दवाचा वास लय लागते. म्या दुपट्टा पाण्यात बुडवून त्याच्या तोंडाले बांधून देला. म्हटलं, उन्हाचं थंड लागन. ओल्या कपड्यात दवा मुरली, अन् दिवसभर तेच हुंगलं माह्या लेकरानं. दवाखान्यात डॉक्टरनं सांगतलं, तवा मले समजलं. तुह्या कपाळाचं कुंकू माह्या हातानं पुसलं, बाई. तुह्या हातचं कोणत्या तोंडानं खाऊ?"

भगवानरावांचा चेहरा मात्र खुलला. "म्हंजे चूक घरातलीच निघाली न!"

कोकिळा गर्रकन वळली. "घरातली? दोन दवा एकत्र करा, दुप्पट गुण येते, हे घरातल्यानं सांगतलं होतं? तोंडाले काय बांधाचं अन् काय नाई, एका शब्दानं बोलले तुमी? डब्यावरचं मुंगीएवढं इंग्रजी ही म्हातारी वाचन काय? माह्या खिचडीले भेऊन राह्यले गावाचे लोक! अन् तेच डबे तुमच्या दुकानात अजून फळीवर हायेत. काल तुमच्या ओसरीवरून दिसत होते मले. ते कोणत्या भागात दाखवतीन?"

तिनं एक थाळी भरली आणि भगवानरावांसमोर ठेवली. "बसा. खाऊन दाखवा पोट्ट्यायले, अध्यक्ष हाये न तुमी."

"मले दुकान उघडाचं हाये," ते पुटपुटले आणि निघाले. आयांनी फाटकातून त्यांना वाट दिली, पण राम राम कोणी केला नाही. मग आयांच्या घोळक्यातली एक आजी, जमनाबाई, आत आली आणि तिनं आपल्या नातीची थाळी स्वतः सुलटी केली.

कोकिळा सासूसमोर बसली. दोन डाव खिचडी वाढली. रुक्माबाईनं घास घेतला. तो गिळायला तिला फार वेळ लागला.

"मीठ कमी हाये," ती म्हणाली.

"वर्षभर चाखलं नाई, कोण सांगन मले?" कोकिळानं पदरानं डोळे पुसले. "ती चूल आज मोडा, आत्याबाई. अन् उद्या सकायी दोघी जाऊन त्या दुकानापुढं बसू. डबे खाली उतरल्याबिगर उठाचं नाई."

"भाकरी बांधून घेजो," रुक्माबाई म्हणाली, "दोघीच्या." आणि तिनं थाळी पुन्हा पुढं केली.