पर्सीच्या दोन्ही बाजूंना

ईनॉक टॉर्डॉफ कोळशाच्या खाणीत कामाला होता आणि शनिवारी स्केलबरो गावच्या संघातून रग्बी खेळायचा. दोन्हीकडे काम एकच : डोकं खाली घालून रेटायचं. धावणारे, पेपरात नाव येणारे वेगळे. ईनॉक स्क्रमच्या, म्हणजे चेंडूसाठी समोरच्यांना रेटणाऱ्या घोळक्याच्या, पहिल्या रांगेत उजवीकडे असे, डावीकडे सेथ अ‍ॅक्रॉइड. मध्ये, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून जवळजवळ लोंबणारा पर्सी बूथ. पायानं चेंडू मागे ओढणं हे त्याचं काम.

सेथ ईनॉकचा जिवाभावाचा दोस्त. पुढे तो मेहुणाही झाला, आणि तिथेच बिनसलं. सेथच्या बहिणीच्या, हॅनाच्या, लग्नासाठी चॅपल, म्हणजे गावातलं छोटं चर्च, मिळालं ते नेमकं सामन्याच्या शनिवारी. ईनॉक लग्नाला गेला, कारण नवरा तोच होता. सेथ सामन्याला गेला. तेरा जणांचा संघ बारा जणांनिशी खेळला आणि हरला.

"सख्ख्या बहिणीच्या लग्नाला आला नाहीस!" ईनॉक म्हणाला.

"आणि तू सामन्याला!" सेथ म्हणाला.

त्यानंतर दोघं कित्येक हंगाम बोलले नाहीत. खेळ मात्र चालूच.

"पर्सी, त्याला सांग, खांदा खाली घे."

"पर्सी, त्याला म्हणावं स्वतःचं बघ."

"अरे, मी काय पोस्टमन आहे?" पर्सी दोघांच्या काखेतून ओरडे. "माझे कान सोलून निघालेत, ते सांगा एकमेकांना!"

हॅना भावाचं नाव काढत नसे. ईनॉकला याचं वाईट वाटे, पण कुणापाशी बोलावं ते सुचत नसे. असल्या गोष्टी तो पूर्वी सेथपाशीच बोलायचा.

मग हॅल्डनविरुद्धच्या सामन्यात पर्सीचं खांद्याचं हाड मोडलं. तेव्हा बदली खेळाडू नसत. त्याला फळीवर घालून नेताना तो म्हणाला, "आता बोला लेको."

सेथ मध्ये सरकला. ईनॉकचा हात त्याच्या पाठीवर, गालाला गाल. पहिल्या दोन स्क्रमना दोघांनी नुसतं रेटलं. पुढच्या वेळी सेथ चिखलाकडे बघत म्हणाला,

"हॅना कशी आहे?"

"बरी आहे." ईनॉकनं दम घेतला. "दिवस गेलेत तिला. सातवा लागलाय."

"काय?" सेथ ताठ उभा राहिला.

स्क्रममधला मधला माणूस ताठ उभा राहिला की जे व्हायचं ते झालं. सगळा ढीग कोसळला. हॅल्डनच्या एकानं चेंडू उचलला आणि रमतगमत जाऊन रेषेपलीकडे टेकवून गुण घेतले. दोरीमागच्या लोकांनी दोघांच्या सात पिढ्या उद्धरल्या. ईनॉक सगळ्यांच्या तळाशी होता.

"इतक्या वर्षांनी? आणि मला सांगितलं नाहीस?" वरून सेथ विचारत होता.

"पर्सीजवळ निरोप दिला होता," ईनॉक चिखल थुंकत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सेथ डुकराच्या मांसाचं सारण भरलेली पेस्ट्री घेऊन दारात उभा राहिला. हॅनानं त्याच्या पायांकडे पाहिलं. "बूट पूस," ती म्हणाली. त्यानं पुसले.

मुलगी झाली. पुढच्या हिवाळ्यात ईनॉकचा गुडघा गेला आणि खेळ सुटला. क्लबनं त्याला हस्तांदोलन दिलं, खाणीनं वर, जमिनीवर, कोळसा निवडायचं काम. शनिवारी तो मुलीला खांद्यावर घेऊन दोरीपाशी उभा राही. सेथ अजून काही हंगाम खेळला, आणि सामना संपला की चिखलासकट त्यांच्याकडे चहाला येई. हॅनानं त्याच्या खुर्चीवर एक जुनं पोतं अंथरून ठेवलं होतं.