तक्त्याखालची टीप

पाणीपुरवठ्याच्या दफ्तरात मी तीस वर्षं काढली, म्हणून संघटनेच्या सेक्रेटरीने पगाराच्या तुलनेचा तक्ता माझ्याकडे सोपवला. दुसऱ्या कुणी केला तर बरं, असं वाटत होतं. पण नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही.

आमच्या व्हॉल्व्हमनचा पगार एका रकान्यात, बाटलीबंद पाण्याच्या खासगी कारखान्यातला दुसऱ्यात. तिकडे दीडपट. एवढं दाखवलं की वाढ मागायला तोंड राहतं. माझा जावई व्हॉल्व्हमनच. त्याच कारखान्याने त्याला दूरच्या शहरात बोलावलं होतं. वाढ झाली तर तो थांबणार. नाही तर लेक आणि नात त्याच्यासोबत जाणार, घरात मी एकटा.

तरी मला राहवलं नाही. तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप घातली: कारखान्यातला पगार बारा तासांचा, आमचा आठ तासांचा.

बैठकीत साहेबांनी आधी टीपच वाचली.

"म्हणजे ताशी पगार सारखाच. मग भांडण कशाचं?"

वाढीविना तीन वर्षांच्या करारावर सह्या झाल्या. बाहेर आल्यावर सेक्रेटरी म्हणाला, "काका, पुढच्या वेळी साहेबांच्या चहात साखरही तुम्हीच घाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक खोकी भरत होती. जावई जेवायला बसला आणि फोन वाजला. कुठेतरी पाइप फुटला होता. सुट्टीचा दिवस असूनही तो हात धुऊन निघाला. लेकीने त्याचं ताट झाकलं.

"या महिन्यात नवव्यांदा," ती म्हणाली.

याची नोंद कुठे होते, असं मी विचारलं. कुठेच नाही, पैसेही नाहीत, ती म्हणाली. मग हे तास मी तक्त्यात धरले असते, मला आधी का सांगितलं नाहीस, असं मी पुटपुटलो.

"बाबा, तो ताटावरून उठायचा तेव्हा तुम्ही शेजारीच तर जेवत असायचात."

खरं होतं. सगळं दिसत होतं. कागद नव्हता, म्हणून मी ते धरलं नव्हतं.

थोड्या वेळाने तिने हात पुढे केला. कप गुंडाळायला कागद कमी पडत होते. तक्त्याच्या उरलेल्या प्रती मी तिला आणून दिल्या.