स्क्रॅच गाणारी

धाकटीला अकराची वेळ दिली होती. दोन वाजले तरी तिचा पत्ता नव्हता आणि मी स्टुडिओतल्या फाटक्या सोफ्यावर तिसरा चहा ढोसत बसले होते.

माझं काम सांगायला सोपं आहे. चाल पक्की झाली की गाणं आधी मी गाऊन ठेवते. त्याला स्क्रॅच म्हणतात. मग स्टार येते, माझं ऐकून गाणं शिकते, तिचा आवाज रेकॉर्ड होतो आणि माझा पुसला जातो. स्टार म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. पुसलं जाण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, एकदोनदा वाटलं. पण ती माझ्याच ओळी माझ्यापेक्षा सुरेख म्हणायची, तेव्हा राग कुठल्या कुठे पळायचा.

गेली दोन वर्षं मात्र माझा आवाज पुसलाच गेला नव्हता. ती यायची ती झिंगून, नाहीतर यायचीच नाही. आमचे गळे एकाच आईकडून आलेले, ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. माझाच स्क्रॅच तिच्या नावावर बाजारात जायचा. तिला वाटायचं, आपणच कधीतरी गायलो असू. तिला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ!

मागच्या आठवड्यात तर कहर झाला. भर कार्यक्रमात ती शब्द विसरली, लोक हसले, तिने पहिल्या रांगेवर माईक फेकला आणि तोल जाऊन तोंडावर पडली. ते पडणं लाखो लोकांनी पाहिलं. कुणी त्याला ठेका लावला, कुणी त्यावर नाचलं. मी तो व्हिडिओ एकदाच पाहिला आणि फोन उशीखाली कोंबला.

"नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, ताई. शुक्रवारी गाणं काढू," सोफ्याशेजारी घड्याळ बघत उभा असलेला तिचा मॅनेजर म्हणाला. चहापेक्षा किटली गरम! "त्या नाही आल्या तर तुमचा स्क्रॅच आहेच."

"या वेळी नाही. ती गाईल, नाहीतर गाणं निघणार नाही."

मला तिचा आवाज हवा होता. भांडी विसळताना गुणगुणायची, तो. बाकी जग गेलं खड्ड्यात.

अडीचला ती आली. डोळ्यांवर गॉगल, ओठावर टाके, पण शुद्धीत. रेकॉर्डिस्टकाका तेव्हा माझा स्क्रॅच तपासत होते. ती दारातच थांबली.

"हे मी मागच्या महिन्यात आले होते, तेव्हाचं ना?"

"हो, हो, तुमचंच!" मॅनेजर घाईघाईने म्हणाला.

तिने गॉगल काढला. "लोक म्हणतात, संपली. ऐक ना ताई! कुठे संपलेय मी?"

किती वर्षांनी तिचा चेहरा असा उजळला होता. गप्प बसावं, असं फार वाटलं. काकांनी मान खाली घातली.

"तो माझा आवाज आहे," मी म्हटलं. "त्या दिवशी तू या सोफ्यावर झोपली होतीस."

"आणि याच्या आधीची गाणी?"

"तीही माझीच."

ती भिंतीला टेकून गाणं शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग लहानपणी विचारायची तशा बारीक आवाजात तिने विचारलं, "मग माझा कुठे गेला गं?"

"तोच ऐकायला बसलेय सकाळपासून," मी म्हटलं.